सिरिंजने बॉइलचा नियम: गुणाकार का जमत नाही, आणि बॉइलच्या तक्त्यातला सी रकाना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात अकरावीच्या मुलांना बॉइलचा नियम (तापमान तेच असताना हवेचा दाब गुणिले आकारमान स्थिर राहतं) पाऱ्याशिवाय दाखवायचा आहे. 20 मिलीची प्लॅस्टिकची सिरिंज घेतली, दट्ट्या 20 वर ठेवला, नोझलवर रबरी नळीचा तुकडा चढवून त्याचं टोक चिमट्याने बंद केलं आणि दट्ट्यावर एकेक किलोची वजनं ठेवत गेलात. 1 ते 5 किलोला वाचनं आली 16.6, 12.8, 10.4, 8.8 आणि 7.6 मिली. वजन गुणिले आकारमान केलं तर 16.6, 25.6, 31.2, 35.2, 38.0, म्हणजे आकडा स्थिर राहण्याऐवजी चढतच गेला. वजनं उतरवताना तर निराळीच वाचनं मिळाली: 4 किलोला 7.8, 3 ला 9.1, 2 ला 10.9, 1 ला 13.4, आणि सगळी वजनं काढल्यावर दट्ट्या 17.6 वरच थांबला. तुम्ही विचारता, सिरिंज खराब आहे का, की हा प्रयोग पाऱ्याशिवाय होतच नाही?

सिरिंज ठीक आहे, आणि तुमची वाचनं तर फार चांगली आहेत. त्यांच्यात बॉइलचा नियम एका टक्क्याच्या आत दडलेला आहे. तो बाहेर काढायला तीन गोष्टी हिशेबात घ्याव्या लागतील: वातावरणाचा दाब, दट्ट्याचं घर्षण आणि नळीच्या तुकड्यातली हवा. या तिन्हींमध्ये पहिली गोष्ट सर्वांत मोठी आहे, आणि तिच्यावरूनच 1662 साली मूळ भांडण झालं होतं. म्हणून आधी तिच्याबद्दल.

रॉबर्ट बॉइलचा जो तक्ता आपण 'बॉइलचा नियम' म्हणून ओळखतो, तो नियम शोधायला म्हणून केलेला नव्हता. 1660 मध्ये त्याने हवेच्या पंपावरचे प्रयोग छापले. तो पंप तयार करण्यात रॉबर्ट हूकचा मोठा हात होता. त्या पुस्तकावर फ्रान्सिस लाइन नावाच्या जेसुइट पाद्र्याने हरकत घेतली. त्याचं म्हणणं असं की हवेला वजन आणि लवचीकपणा असेलही, पण 29 इंच पारा नळीत उचलून धरण्याइतका जोर तिच्यात नाही. पाऱ्याला वरून एक अदृश्य दोरी ओढून धरते. पुरावा म्हणून तो सांगे की दोन्ही तोंडं उघडी असलेली नळी पाऱ्याने भरा, वरचं तोंड बोटाने दाबा आणि पारा खाली येऊ द्या, बोट आत ओढलं गेल्यासारखं वाटतं. बॉइलचं उत्तर सरळ होतं: बोट आतून कोणी ओढत नाही, बाहेरची हवा ते आत दाबते. पण नुसतं म्हणून भागत नव्हतं. हवा दाबली असता ती 29 इंचांपेक्षा कितीतरी जास्त पारा पेलते हे आकड्यांत दाखवायचं होतं. इंग्रजी जे (J) आकाराच्या, आखूड भुजा वरून बंद असलेल्या नळीचा प्रयोग त्यासाठी झाला.

आता त्या तक्त्याचे रकाने पाहा. आधी आखूड भुजेतली हवेची लांबी, पाव इंचाच्या भागांत: 48 पासून 12 पर्यंत. मग बी रकान्यात लांब भुजेत ओतलेल्या पाऱ्याची जास्तीची उंची. सी रकान्यात प्रत्येक ओळीला एकच आकडा, 29 1/8 इंच, म्हणजे वातावरणाचा दाब. डी रकान्यात बी आणि सी यांची बेरीज, आणि ई रकान्यात व्यस्त प्रमाणाच्या गृहीतकाप्रमाणे जो दाब यायला हवा तो. हवा 48 वरून 24 वर आली तेव्हा डी मध्ये 58 13/16 आहे, ई मध्ये 58 4/16. हवा 12 वर आली तेव्हा डी 117 9/16, ई 116 8/16.

तुमच्या तक्त्यात बी रकाना आहे, सी नाही. लाइनला जो नाकारायचा होता, नेमका तोच. दट्ट्यावर एकही वजन नसताना त्यावर शून्य दाब आहे असं तुम्ही धरलंत, पण मग 20 मिली हवा बिनदाबाची बसली होती का? गुणाकार वर चढण्याचं मुख्य कारण हे आहे. मुलांनाही हाच प्रश्न आधी विचारावा: वजन शून्य असताना गुणाकार शून्य येतो, मग नियम कुठे गेला?

सी रकाना किलोत काढूया. त्यासाठी दट्ट्याचं क्षेत्रफळ हवं, आणि ते व्यास मोजून काढायच्या भानगडीत पडू नका. सिरिंजच्या बाहेरून आतला व्यास नीट मोजता येत नाही आणि व्यासाचा वर्ग केला की त्यातली चूक दुप्पट होते. खुणाच वापरा. तुम्ही लिहिलंय की 0 ते 20 च्या खुणा 6.5 सेंटिमीटरमध्ये बसतात. 20 भागिले 6.5 म्हणजे 3.08 चौरस सेंटिमीटर. पुण्यात हवेचा दाब सुमारे 950 हेक्टोपास्कल धरला तर दर चौरस सेंटिमीटरला 0.968 किलोचा भार होतो. म्हणजे दट्ट्यावर वातावरणाचे 2.98 किलो आधीपासून बसलेले आहेत. तुमचा पहिला किलो हा खरं तर चौथा किलो आहे.

इथे एक चूक हटकून होते. फोनमधलं हवामानाचं ॲप पुण्यातही 1010 च्या आसपासचा आकडा दाखवतं, आणि मुलं तोच घेतात. तो आकडा समुद्रसपाटीला उतरवून सांगितलेला असतो, कारण हवामानाच्या नकाशांसाठी सगळी गावं एका पातळीवर आणावी लागतात. तुमच्या वर्गात तेवढा दाब नसतो. मुंबईत किंवा पणजीत फरक पडत नाही, पण पुण्यात सहा टक्क्यांची चूक होते आणि महाबळेश्वरला त्याहून बरीच जास्त. फोनमध्ये बॅरोमीटरचा सेन्सर असेल तर त्याचं थेट वाचन घ्या. नसेल तर गावाच्या उंचीवरून काढा: समुद्रसपाटीपासून पहिल्या हजारेक मीटरपर्यंत दर 9 मीटर चढाला साधारण 1 हेक्टोपास्कल कमी होतो.

2.98 मिळवून चढत्या वाचनांचे गुणाकार पुन्हा करा. शून्य किलोला 59.6, मग 66.1, 63.7, 62.2, 61.4. आता आकडा 16 ते 38 असा पळत नाही, 60 च्या आसपास घुटमळतो. पण अजून समाधानकारक नाही. पहिल्या किलोला एकदम उडी आहे आणि पुढे उतार आहे. ही उडी घर्षणाची.

प्लॅस्टिक सिरिंजच्या दट्ट्याला पुढे रबराचा बूच असतो आणि तो नळीला घट्ट चिकटून बसतो. वजनं चढवताना दट्ट्या खाली जायला बघतो, घर्षण त्याला वर धरतं, म्हणजे हवेवर पडणारा भार तुम्ही ठेवलेल्यापेक्षा कमी असतो. उतरवताना उलट: हवा दट्ट्याला वर ढकलते, घर्षण खाली धरतं. म्हणून एकाच वजनाला दोन वाचनं येतात आणि शेवटी दट्ट्या 17.6 वर अडकतो. याला सिरिंजचा दोष म्हणू नका, कारण या दोन वाचनांच्या मधल्या फरकातूनच घर्षण मोजता येतं. तुमच्या आकड्यांवरून ते सुमारे 400 ग्रॅम निघतं.

उपाय सरासरीचा. प्रत्येक वजनाला दट्ट्या बोटाने किंचित खाली दाबून हळूच सोडा, थांबेल ते वाचन घ्या. मग किंचित वर ओढून सोडा, ते वाचन घ्या. दोन्हींची सरासरी. तुमच्याकडे चढती-उतरती वाचनं आहेतच, त्यामुळे पुन्हा प्रयोगही करायला नको: 1 किलोला 15.0, 2 ला 11.85, 3 ला 9.75, 4 ला 8.3. एकूण भाराने गुणले की 59.7, 59.0, 58.3, 57.9. फक्त शून्य किलोला सरासरी काढू नका. तिथे नोझल बंद करण्याआधी दट्ट्या 20 वर ठेवलेला होता, आतबाहेर दाब सारखाच होता, घर्षण कितीही असो. बॉइलनेही सुरुवात अशीच केली होती: थोडा पारा ओतून, नळी तिरकी करून, दोन्ही भुजांतला पारा एका पातळीवर आणला, म्हणजे आत अडकलेल्या हवेचा दाब बाहेरच्याइतकाच.

घर्षण आधीच कमी ठेवता आलं तर उत्तम. बुचाला ग्लिसरीनचा किंवा सिलिकॉन तेलाचा एक थेंब लावून दट्ट्या दहा-बारा वेळा आतबाहेर करा. व्हॅसलिन किंवा खनिज तेल नको, रबर फुगतं आणि दुसऱ्या दिवशी दट्ट्या हलत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिरिंज काटेकोर उभी हवी. लाकडी ठोकळ्याला भोक पाडून त्यात ती बसवा, आणि दट्ट्याच्या वरच्या चकतीवर वजनाचा मध्य येईल असं पाहा. वजन एका बाजूला कललं की बूच तिरका घासतो, आणि असं घर्षण दर वाचनाला बदलत असल्याने सरासरीनेही जात नाही. पुस्तकांचा ढीग म्हणूनच वाईट. किराणा दुकानातली लोखंडी वजनं चांगली. वजनं ठेवायला वर फळी बसवली असेल तर तिचं आणि दट्ट्याचं वजनही काट्यावर करून भारात धरा.

आता राहिला तो मंद उतार, 59.7 पासून 57.9 पर्यंत. तो दिशेने सांगतोय की आकारमान जेवढं वाचतोय त्यापेक्षा प्रत्यक्षात थोडी जास्त हवा आत आहे. कुठे आहे? नोझलमध्ये आणि त्यावर चढवलेल्या रबरी नळीत. सिरिंजच्या खुणा ही जागा मोजत नाहीत. 20 मिली असताना अर्ध्या मिलीने काही बिघडत नाही, पण 8 मिलीला आल्यावर तोच अर्धा मिली सहा टक्के होतो. म्हणून चूक वजनाबरोबर वाढत जाते.

ही जागा मोजायला सोपी आहे: दट्ट्या 0 वर दाबून नोझल आणि नळीचा तुकडा चिमट्यापर्यंत पाण्याने भरा, आधीचं-नंतरचं वजन करा, 1 ग्रॅम म्हणजे 1 मिली. तुमच्या आकड्यांत ती जागा 0.5 मिली धरली तर काय होतं पाहा. शून्य किलोला 20.5 गुणिले 2.98, म्हणजे 61.1. पुढे:

1 किलो: 15.5 × 3.98 = 61.7
2 किलो: 12.35 × 4.98 = 61.5
3 किलो: 10.25 × 5.98 = 61.3
4 किलो: 8.8 × 6.98 = 61.4

पाच वाचनांतला जास्तीत जास्त फरक एका टक्क्याचा. बॉइलच्या स्वतःच्या तक्त्यात गुणाकार 1396 ते 1415 असा हलतो, म्हणजे सव्वा टक्क्याहून थोडा अधिक. शाळेच्या प्रयोगशाळेत वीसेक रुपयांच्या वस्तूवर हे आलंय.

मात्र 0.5 हा आकडा 'उत्तर जमतंय म्हणून' घेऊ नका. तो पाण्याने मोजूनच घ्या. कारण चुकीचा वातावरणीय दाब आणि चुकीची जागा एकमेकांना झाकतात. 2.98 च्या ऐवजी ॲपवरून 3.17 घेतलंत, तर 0.5 मिली धरूनही गुणाकार 65.0 वरून 63.1 वर घसरतो, आणि मग ती घसरण मिटवायला मुलं जागा वाढवत बसतात. जागा स्वतंत्रपणे मोजलेली असली की हा खेळ चालत नाही. पुढच्या वेळी ती जागाच कमी करा: रबरी नळी काढून टाका, नोझलचं टोक मेणबत्तीवर मऊ करून पकडीने दाबून टाका, किंवा थ्री-वे स्टॉपकॉक (तीन तोंडांची छोटी तोटी) लावा. एम-सीलने बंद केलं तरी चालतं, पण ते रात्रभर सुकू द्या, नाहीतर दाबाखाली बारीक गळती होते.

गळती तपासायची असेल तर 5 किलो ठेवून नोझलचं टोक साबणाच्या पाण्यात बुडवा आणि दहा मिनिटं पाहा. बुडबुडा दिसला नाही आणि वाचन हललं नाही की झालं. तुमच्या आकड्यांत गळतीची खूण नाही. असती तर उतरती वाचनं शेवटी शेवटी जास्तच लहान आली असती.

तापमानाबद्दलही तुम्ही विचारलंय. हवा झटकन दाबली की क्षणभर तापते, म्हणून वजन ठेवल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून वाचा. सिरिंज मुठीत धरू नका. खोलीच्या तापमानाला 3 अंशांचा फरक म्हणजे एक टक्का आकारमान, आणि हाताची ऊब तेवढं सहज करते. बॉइलनेही हे करून पाहिलं होतं: आखूड भुजेवर थंड ओलं कापड गुंडाळलं, नंतर मेणबत्तीची ज्योत जवळ नेली. गारव्याने हवा किंचित आकसल्यासारखी वाटली, पण त्यावर काही उभारावं इतकी नाही, असं त्याने प्रामाणिकपणे नोंदवलं.

पारा वापरावा का? नाही. शाळेत अजिबात नको. खोलीच्या तापमानालाही त्याची वाफ होते, आणि फरशीच्या फटीत गेलेला थेंब तिथेच राहतो. बॉइलची नळी पहिल्या प्रयत्नांत फुटली होती. पुढची इतकी उंच होती की खोलीत मावेना, म्हणून ती भरपूर उजेड असलेल्या जिन्यात दोऱ्यांनी टांगली. खाली लाकडी पेटी ठेवली, सांडलेला किंवा नळी फुटली तर सगळाच पारा झेलायला. एकजण वर उभा राहून पारा ओतणार, दुसरा खाली भुजेवर चिकटवलेल्या कागदी पट्टीवर हवेची लांबी पाहणार. हवा चौथाईवर आणायला त्याला 88 7/16 इंच, म्हणजे सव्वादोन मीटर पारा लागला.

जिना मात्र तुमच्याकडेही आहे, आणि घर्षण मुळातच नसलेला प्रयोग हवा असेल तर जिन्यातच करा, पाण्याने. गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पारदर्शक नळी 8 मिलिमीटर आतल्या व्यासाची घ्या, सात-आठ मीटर. खालच्या टोकाला इंग्रजी यू सारखी वळवून तिला 30 सेंटिमीटरची, वरून बंद करता येईल अशी काचेची नळी जोडा. हवा या काचेत अडकते. मऊ नळी पाण्याच्या भाराने थोडी फुगते, पण त्याने काही बिघडत नाही, कारण दाब आपण पाण्याच्या उंचीवरून घेतो. ताठ हवी ती फक्त हवेची भुजा. उंची मोजताना काचेतल्या पाण्याच्या पातळीपासून मोजा, जमिनीपासून नव्हे. ही पातळी प्रत्येक वेळी वर सरकते, आणि अनेकजण ती विसरतात.

पुण्यात वातावरण म्हणजे सुमारे 9.7 मीटर पाणी. त्यामुळे 30 सेंटिमीटर हवा 1 मीटर पाण्याखाली 27.2 वर यायला हवी, 2 मीटरला 24.9, 3 ला 22.9, 4 ला 21.2, 5 ला 19.8 आणि 6 मीटरला 18.5. प्रत्यक्षात 6 मीटरला 18.3 च्या जवळ येईल, आणि हा फरक चुकीचा नाही. आतली हवा ओली आहे. 25 अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे 32 सेंटिमीटर पाण्याइतका असतो आणि हवा दाबली तरी तो तेवढाच राहतो, जास्तीची वाफ पाणी होऊन जाते. म्हणून 9.7 आणि पुढच्या प्रत्येक दाबातून 0.32 मीटर वजा करून गुणाकार करा.

यात बिघडतं ते बुडबुड्यांनी. 8 मिलिमीटरच्या नळीत वरून पाणी ओतलंत की मध्ये हवेचे तुकडे अडकतात आणि उंची खोटी पडते. त्यासाठी खाली यू जवळ टी-जोड लावा, त्याला रंगीत पाण्याचा डबा तेवढ्याच लांब नळीने जोडा, आणि तो डबा दोरीने जिन्यातून एकेक मीटर वर खेचत जा. पाणी खालून चढतं, बुडबुडे वरच्या उघड्या तोंडाने निघून जातात. सुरुवातीला काचेचं वरचं टोक उघडं ठेवून दोन्ही पातळ्या सारख्या करा आणि मगच ते बंद करा.

हवा विरळ करायचा भागही मुलांना दाखवा. त्याबद्दल बॉइलने स्वतंत्र तक्ता दिला आहे. विरळ हवेवर रिचर्ड टाउनली आणि हेन्री पॉवर यांनी 27 एप्रिल 1661 रोजी लँकेशायरमधल्या पेंडल टेकडीवर मोजमापं घेतली होती, आणि दाब-आकारमानाच्या व्यस्त प्रमाणाचं गृहीतक टाउनलीचं असल्याचं बॉइलने मान्य केलं आहे. तुमच्या सिरिंजने ते करायला ती उलटी टांगा, 8 मिलीवर बंद करा आणि दट्ट्याला वजन लटकवा. 1.5 किलोला, घर्षणाची सरासरी काढून, 16.6 च्या आसपास यायला हवं. त्यापुढे जाऊ नका. दट्ट्याला 2.98 किलो ओढ मिळाली की आत कितीही हवा असली तरी तो बाहेर निसटणार. हेच वाक्य मुलांकडून आकड्यांतून काढून घ्या, लाइनच्या अदृश्य दोरीचं काय झालं ते त्यांना आपोआप कळेल.

तक्ता आखताना बॉइलसारखेच रकाने आखा, आणि ई रकाना, म्हणजे अपेक्षित आकडा, वजनं ठेवण्याआधी शाईने भरायला लावा. 117 9/16 च्या शेजारी 116 8/16 त्याने तसाच राहू दिला. मुलांनीही फरक आला तर खोडू नये, शेजारी तो फरक आणि त्याचं संभाव्य कारण लिहावं.